संशोधनपर निबंध : विषय कसा सुचतो, पुरावे कुठे सापडतात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रकल्पाचे विषय द्यायची तारीख जवळ आली की तेच प्रश्न पुन्हा यायला लागतात. ते एका जागी लिहून ठेवलेले बरे, म्हणून हे पान. प्रश्न मुख्यतः बी.ए. आणि एम.ए.च्या विद्यार्थ्यांकडून आलेले आहेत. उदाहरण म्हणून शेवटपर्यंत एकच विषय धरला आहे : १९७२ चा दुष्काळ. देशावरच्या पुष्कळ घरांत तो पाहिलेलं माणूस अजून आहे आणि त्याचे कागदही सापडतात. तुमचा विषय गिरणी संप असो की गावची जत्रा, पद्धत तीच.

१. शाळेत निबंध लिहायचो, त्यात आणि या निबंधात नक्की फरक काय?

शाळेतल्या निबंधात 'मला काय वाटतं' एवढं पुरायचं. इथे 'मला असं वाटतं, कारण अमुक कागदात तमुक नोंद आहे' असं म्हणावं लागतं. भाषा साधी असली तरी चालते. पण प्रत्येक मोठ्या विधानाखाली काहीतरी टेकू हवा, आणि तो वाचणाऱ्याला स्वतः जाऊन तपासता यायला हवा.

२. मला विषयच सुचत नाही. काय करू?

बहुतेकांची अडचण अशी की विषय सुचल्यावर वाचू म्हणून ते थांबलेले असतात. क्रम उलटा आहे. आधी चार दिवस काहीही ठरवू नका, नुसतं वाचा : जिल्ह्याचं गॅझेटियर (सरकारने काढलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ), मराठी विश्वकोशातल्या दोन-तीन नोंदी, एखाद्या वर्षाच्या वर्तमानपत्राची बांधीव फाइल. वाचताना जिथे 'हे असं कसं?' असं वाटेल ते वहीत लिहा. 'मनोरंजक माहिती' लिहू नका, फक्त शंका लिहा. पंधरा-वीस शंका जमल्या की त्यातल्या दोन-तीन एकमेकींच्या शेजारच्या निघतात. विषय तिथे असतो.

घरातूनही सुरुवात होते. 'बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली' हे वाक्य पुष्कळांनी जेवताना ऐकलेलं असतं. मिलो म्हणजे काय? तो आला कुठून? सुकडी कोण वाटत होतं, कुणाला मिळत होती आणि कुणाला नाही? एका वाक्यातून चार शंका निघाल्या.

३. 'विषय फार मोठा आहे' म्हणून सरांनी परत पाठवला. लहान कसा करायचा?

'महाराष्ट्रातील दुष्काळ : एक अभ्यास'. असल्या शीर्षकाखाली काहीही बसतं, म्हणून त्यातून काहीच हाती लागत नाही. दर वर्षी असे पाच-सहा प्रस्ताव येतात आणि ते सगळे एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात.

चार गोष्टी आवळा : जागा, काळ, माणसं आणि प्रश्न. महाराष्ट्राऐवजी तुमचा तालुका, तोही मोठा वाटला तर गाव. काळ १९७२ च्या जूनपासून १९७३ च्या पावसापर्यंत. माणसं म्हणजे 'शेतकरी' असा सगळा समाज न घेता सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेल्या बायका, किंवा शाळेतली मुलं. मग प्रश्न असा होतो : 'त्या वर्षी आमच्या गावच्या प्राथमिक शाळेतून मुलं नेहमीपेक्षा जास्त गळली का? गळली असतील तर कोणत्या इयत्तेतून, आणि त्यात मुली किती?'

प्रश्न तयार झाला की तीन बाजूंनी ठोकून बघा. उत्तर आत्ताच ठाऊक आहे का? असेल तर तो प्रश्न नाही, घोषणा आहे. उत्तर देणारं साधन तुमच्या एसटीच्या टप्प्यात आहे का? नसेल तर प्रश्न कितीही चांगला असो, सोडा. आणि उत्तर मिळाल्यावर कुणी 'बरं, मग?' म्हटलं तर एक वाक्य बोलता येईल का? वरच्या प्रश्नाला येतं : सरकारी कामं निघाली, धान्य आलं, तरी त्या वर्षाची किंमत कोणत्या मुलांनी मोजली हे त्यातून कळतं.

४. माझ्या विषयावर आधीच खूप लिहिलं गेलंय. मी नवीन काय लिहिणार?

खूप लिहिलेलं असणं ही सोय आहे. चौकट तयार मिळते, तुम्ही फक्त एक कोपरा भरायचा. १९७२ वर राज्यपातळीचं अर्थशास्त्रीय लेखन भरपूर आहे, पण तुमच्या गावच्या पाझर तलावावर कोण कामाला होतं हे त्यात नाही. नवीन म्हणजे जगाला हादरवणारं असं कुणी मागितलेलं नाही. तुमच्या गावाचं चित्र राज्याच्या चित्राशी जुळतं का, एवढं तपासलं तरी ते नवीन आहे. जुळलं नाही तर फारच उत्तम (प्रश्न १३ पाहा).

५. गुगलवर शोधलं, काहीच सापडत नाही. म्हणजे माहिती नाहीच का?

माहिती आहे. तुम्ही शोधताय त्या शब्दांनी ती नोंदलेली नाही. १९६३ मध्ये महाराष्ट्राने कायदाच करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला. त्यामुळे १९७२-७३ च्या सरकारी कागदांत 'टंचाई' आणि 'स्केअर्सिटी' भेटतात आणि 'दुष्काळ' टाइप करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तसंच तगाई (शेतकऱ्याला सरकारने दिलेलं कर्ज), पैसेवारी किंवा आणेवारी (पीक किती आलं याचा सरकारी अंदाज), पाझर तलाव, नालाबांध, गुरांच्या छावण्या. त्या काळच्या कचेरीत जे शब्द चालायचे, ते वापरून शोधा.

गावांच्या नावांचंही तेच. इंग्रजी कागदांत पुणे 'पूना', सोलापूर 'शोलापूर', ठाणे 'ठाना'. एका गावाची चार स्पेलिंगं करून बघायची तयारी ठेवा.

आणि सगळं गुगलवर नसतं. शोधगंगावर भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध पूर्ण वाचता येतात. प्रबंधातली सगळी प्रकरणं वाचू नका. त्याची संदर्भसूची आधी उघडा, कुणीतरी तीन-चार वर्षं खपून ती तुमच्यासाठी करून ठेवलेली असते. इंटरनेट आर्काइव्हवर जुने गॅझेटियर आणि हक्क संपलेली मराठी पुस्तकं आहेत. १९५० पूर्वीचं मराठी पुस्तक हवं असेल तर शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची बघा. ग्रंथपालाला नुसतं 'दाते सूची' म्हटलं तरी कळतं.

६. विकिपीडिया वापरला तर चालेल का?

वाचायला चालेल, संदर्भ म्हणून द्यायला नको. लेखाच्या तळाशी जे स्रोत दिलेत तिथे जा आणि मूळ वाचून त्याचा संदर्भ द्या. मराठी विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, म्हणून तो जास्त भरवशाचा. पण नोंद कधी लिहिली गेली ते पाहा. जुन्या खंडातला 'सध्या' हा शब्द तसाच उचलून आपल्या निबंधात टाकणारे दर वर्षी निघतात.

७. मी तालुक्याच्या गावी राहतो. पुण्या-मुंबईला न जाता जुनी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं कुठे मिळतील?

आधी आपल्या तालुक्याचं आणि जिल्ह्याचं सार्वजनिक वाचनालय. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. अशा जुन्या संस्थांच्या माळ्यावर काय असेल सांगता येत नाही. यादीत नाव नसलं तरी ग्रंथपालांना विचारा. विचारताना 'दुष्काळावर काही आहे का' असं न म्हणता 'एप्रिल-मे १९७३ ची स्थानिक वृत्तपत्राची फाइल आहे का' असं विचारा. नेमकं मागितलं की माणसं उठून शोधायला लागतात. मराठवाड्यातल्यांनी 'मराठवाडा' दैनिकाचे त्या काळचे अंक जरूर मिळवावेत, अनंत भालेराव तेव्हा संपादक होते.

गॅझेटियरबद्दल एक खाचखळगा. जेम्स कॅम्बेलने संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या मालिकेत सोलापूर आणि अहमदनगरचे खंड १८८४ चे, साताऱ्याचा १८८५ चा. १८७६-७७ च्या दुष्काळाची तपशीलवार हकीकत त्यांत मिळते. बीड, लातूर, नांदेडची मुलं त्याच मालिकेत आपला जिल्हा शोधून हैराण होतात. तो तिथे असणारच नाही. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई राज्यात आला १९५६ साली. विदर्भाचंही वेगळं : वऱ्हाड आणि मध्य प्रांत असे शोधा. आपला जिल्हा कोणत्या साली कोणाच्या अंमलाखाली होता हे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, पुष्कळ चपला वाचतील.

८. प्राथमिक साधन आणि दुय्यम साधन यातला फरक मला अजून कळलेला नाही.

त्या वेळी, त्या घटनेच्या ओघात तयार झालेला कागद किंवा ती पाहिलेल्या माणसाचं सांगणं, हे प्राथमिक. नंतर कुणी ते वाचून लिहिलं, ते दुय्यम. व्याख्या एवढीच, खरी मजा साधन हातात घेतल्यावर कळते.

प्रश्न ३ मधली शाळा घ्या. शाळेत 'जनरल रजिस्टर' असतं : विद्यार्थ्याचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. कारणाच्या रकान्यात 'दुष्काळामुळे' असं लिहिलेलं सापडेल अशी आशा धरू नका. 'सतत गैरहजर' असा शेरा असतो आणि पानभर तोच. रजिस्टर भरणाऱ्या गुरुजींना दुष्काळाचा इतिहास लिहायचा नव्हता, पटावरून नाव कमी करायचं होतं. म्हणून कारणाचा रकाना बाजूला ठेवून तारखांचा रकाना मोजा. १९७२-७३ मध्ये किती नावं कमी झाली, त्याबरोबर आधीची दोन आणि नंतरची दोन वर्षंही मोजा. त्या एका वर्षाचा आकडा एकटा उभा राहिला तर त्याला काही अर्थ नाही. दर वर्षी तेवढीच मुलं गळत असतील तर दुष्काळाचा संबंध काय? दाखल्याच्या तारखाही पाहा. पुढच्या वर्षी तीच मुलं पुन्हा दाखल झालेली दिसली तर गोष्ट आणखी वेगळी होते.

दुसरं साधन सातबारा. त्यातला गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. १९७१-७२, ७२-७३, ७३-७४ अशी लागोपाठची हस्तलिखित पानं शेजारी ठेवली की कुठल्या गटात काय पेरलं आणि काय पड राहिलं ते दिसतं. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत, नाहीतर तहसीलचा अभिलेख कक्ष गाठा. पीकपाहणी प्रत्यक्ष शेतावर जाऊन झाली की चावडीत बसून, ही शंका मात्र मनात राहू द्या आणि निबंधातही लिहा.

९. आजीची मुलाखत घेतली तर ते संशोधन धरतात का? कशी घ्यायची?

धरतात, फक्त ती मुलाखत असायला हवी. 'आजी, दुष्काळाबद्दल सांग ना' म्हटलं की आजी नातवाला सांगायचं ते सांगते : तेव्हा माणसं चांगली होती, आता कुणाला कष्ट नकोत. तिला वस्तू विचारा. कामावर निघताना डब्यात काय असायचं? हजेरी कोण घ्यायचं? पगार कुणाच्या हातात पडायचा, तुझ्या की आजोबांच्या? लहान मूल बरोबर न्यायचीस की घरी ठेवायचीस, आणि घरी ठेवलं तर कुणापाशी? शेवटच्या प्रश्नाला 'थोरलीला शाळेतून काढलं ना धाकटीला सांभाळायला' असं उत्तर आलं, तर रजिस्टरमधल्या 'सतत गैरहजर'ला एक चेहरा मिळाला.

साल विचारू नका, खूण विचारा. 'किती साली' म्हटलं की माणसं अडखळतात. 'तेव्हा मोठ्या काकांचं लग्न झालं होतं का' म्हटलं की पटकन सांगतात, साल तुम्ही मागाहून बसवा.

आठवण कुठे सरकते तेही ओळखता आलं पाहिजे. पुष्कळ म्हातारी माणसं बाहत्तरच्या खडीच्या कामाला 'रोजगार हमी' म्हणतात. त्या वेळची कामं टंचाई निवारणाची होती, रोजगार हमीची कामं नेमाने सुरू झाली ती त्यानंतर. दोन्हीकडे खडीच, मस्टरही (हजेरीपट) तसंच, म्हणून आठवणीत ती एक झाली. आजीचं बोलणं दुरुस्त करू नका. जसं बोलली तसं उतरवा आणि खाली टीप द्या. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा, आणि निबंधात नाव घालायचं की नाही हेही विचारा (प्रश्न १५).

१०. दोन पुस्तकांत दोन वेगळे आकडे आहेत. खरा कोणता?

कदाचित दोन्ही. रोजगार हमी योजना कधी सुरू झाली बघा. या योजनेचे जनक वि. स. पागे यांचा तासगाव तालुक्यातला प्रयोग १९६५ चा, राज्याची योजना १९७२ ची, कायदा १९७७ चा आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. चार लेखक चार सालं देतात आणि कुणीच खोटं बोलत नसतं. 'सुरू झाली' म्हणजे काय धरलंय ते पाहा.

आकड्यांना प्रश्न विचारायची सवय लावा. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. नुसतं वाचलं तर पुढे सरकतो आपण. १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख होती. म्हणजे दहातला एक माणूस कामावर. त्यात तान्ही मुलं, म्हातारे, मुंबईकर सगळे मोजून! आता आकडा बोलायला लागला. मग पुढचे प्रश्न : हा उन्हाळ्यातला उच्चांक की वर्षाची सरासरी? माणसं मोजली की मनुष्यदिवस? '१९७२-७३' म्हणजे आर्थिक वर्ष की शेतीचं? भांडणारे दोन आकडे यातल्याच कुठल्यातरी फटीत सापडतात. तरी मिटलं नाही तर दोन्ही द्या आणि तुम्हाला कोणता का पटतो ते लिहा.

११. टिपणं काढतो, पण लिहायला बसलो की काय कुठलं होतं तेच आठवत नाही.

टिपणाच्या डोक्यावर आधी स्रोत लिहा : लेखक, पुस्तक, आवृत्तीचं साल, पान, वर्तमानपत्र असेल तर तारीख आणि पान, कचेरीतला कागद असेल तर कचेरीचं नाव आणि नोंदवहीचा क्रमांक. मगच मजकूर. जसंच्या तसं उतरवलेलं अवतरणचिन्हांत, आपल्या शब्दांत लिहिलेलं साधं आणि आपल्या मनात आलेलं वेगळ्या शाईत. हे तीन मिसळले की महिन्याभराने स्वतःचं कोणतं नि दुसऱ्याचं कोणतं ते तुम्हालाही सांगता येत नाही, आणि पुढचा प्रश्न उभा राहतो.

फोनने पानांचे फोटो काढणं म्हणजे टिपण नव्हे. फोटो काढा, पण त्याच संध्याकाळी त्यातलं काय कामाचं ते दोन ओळींत लिहा.

१२. इंग्रजी लेख मराठीत भाषांतर करून घातला तर सॉफ्टवेअर पकडत नाही. मग ती चोरी होते का?

होते. सॉफ्टवेअर न पकडणं आणि चोरी नसणं यांचा काही संबंध नाही. कल्पना, मांडणी किंवा आकडे दुसऱ्याचे असतील तर भाषा कोणतीही असो, नाव द्यायचं. भाषांतर तुमचं असेल तर 'भाषांतर प्रस्तुत लेखकाचे' असं लिहा.

साम्याच्या टक्क्यांची धास्ती पुष्कळांना असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधांसाठी १० टक्क्यांपर्यंत साम्य किरकोळ धरलं आहे. पुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या वर असे टप्पे आहेत. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्यात मोजत नाहीत. तुमच्या विभागाने लहान प्रकल्पासाठी वेगळी मर्यादा ठेवली असेल, ती विचारा. पण '९ टक्के चोरलं तर चालतं' असा त्याचा अर्थ काढू नका. काढणारे आहेत.

१३. अर्ध्यावर आल्यावर कळलं की माझा अंदाज चुकीचा होता. विषय बदलू का?

मुळीच नाही. मुलं गळली असतील असं धरून निघालात आणि रजिस्टरात तसं दिसलं नाही, तर आता तुमच्याकडे खरा प्रश्न आहे : का नाही गळली? शाळेत काही खायला मिळत होतं का? काम गावाजवळच होतं म्हणून बिऱ्हाडं हलली नाहीत का? की गळली, पण गुरुजींनी पट टिकवायला नावं कमीच केली नाहीत? शेवटची शक्यता मुलाखतीत तपासा. निबंधाच्या सुरुवातीला आपला मूळ अंदाज काय होता ते मोकळेपणाने लिहा. परीक्षकाला तो भाग सगळ्यात आवडतो, निदान मला तरी आवडतो.

१४. कचेरीत कागद दाखवत नाहीत. आणि चॅटजीपीटीला विचारलं तर लगेच मिळतं. मग काय हरकत आहे?

हे दोन प्रश्न बहुधा एकाच मेलमध्ये येतात, म्हणून उत्तरही एकत्र.

यंत्राला गावच्या रजिस्टरात काय आहे ते माहीत नाही. तरी ते न अडखळता उत्तर देतं, कधी अस्तित्वात नसलेलं पुस्तक पान क्रमांकासह सांगतं. शोधायला शब्द सुचव, माझा प्रश्न कुठे ढिला आहे ते दाखव, हा इंग्रजी परिच्छेद समजावून दे, एवढ्यासाठी वापरा. आणि वापरलं तर विभागाच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा. त्याने सांगितलेला संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय निबंधात घालायचा नाही.

कचेरीसाठी आधी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं पत्र न्या. पुष्कळ दारं तेवढ्याने उघडतात. नाही उघडली तर माहितीचा अधिकार आहे : अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत. 'दुष्काळाची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं तर अर्ज परत येईल, ते बरोबरच आहे. नोंदवहीचं नाव, गाव आणि साल लिहा. अर्ज प्रकल्पाच्या पहिल्याच आठवड्यात टाका, सादर करायच्या आदल्या महिन्यात नको.

१५. मुलाखतीत एकाने सांगितलं की मस्टरवर खोटी नावं होती, आणि कुणाची ते नावासकट सांगितलं. हे लिहायचं का?

खोट्या हजेरीबद्दल लिहा, नाव लिहू नका. एका माणसाच्या आठवणीवर दुसऱ्या कुटुंबाचं नाव छापायला तुमच्याकडे पुरावा नाही, आणि ती माणसं अजून त्याच गावात राहतात. 'कामावरील एका मजुराच्या सांगण्यानुसार' एवढं पुरतं. पण गाव लहान असेल तर 'त्या वेळच्या एका मुकादमाने' म्हटलं तरी सगळ्यांना कळतं, तेव्हा गावाचं नावही बदलावं लागेल. बदललंत तर तळटिपेत तसं सांगा. शाळेच्या रजिस्टरातल्या नावांचं आणि जातीच्या रकान्याचंही तसंच : मोजणी द्या, नावं नकोत, आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या.

खोट्या नावांची गोष्ट आणखी दोघांनी, एकमेकांना न विचारता, सांगितली तर तिला निबंधात स्वतंत्र परिच्छेद द्या. एकानेच सांगितली तर तळटीप. आणि मूळ रेकॉर्डिंग मार्गदर्शकांना ऐकवून ठेवा, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका.